साखर घालू नका, आधी बाटल्या उबेत आणा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मेलबर्नला राहता, घरी बीअर करता. भरताना लिटरला ७ ग्रॅम साखर घातली, बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्या, तीन आठवडे झाले. निम्म्या बाटल्या सपाट निघाल्या, म्हणजे गॅसच नाही. दोन-तीन मात्र अशा उसळल्या की अर्धी बीअर ओट्यावर. आता मित्र म्हणतो, सगळ्या उघड, प्रत्येकीत चमचाभर साखर टाक आणि परत बंद कर. करू का? शिवाय कोणतं यीस्ट चांगलं, तेही विचारलंय.

नका करू. बाकीचं उत्तर नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं ऐका. भरलेल्या बाटलीत अंदाजाने साखर टाकण्याइतका घातक सल्ला या कामात दुसरा नाही. आणि तो देणाऱ्याला फुटलेल्या काचा कधी वेचाव्या लागत नाहीत, म्हणूनच तो इतका बिनधास्त देतो.

मी हे कशाच्या जोरावर बोलते ते सांगते. वडिलांचा वरुडजवळ गोटी सोड्याचा धंदा होता. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लग्नाआधी वाळूजच्या एका बीअर कारखान्यात लॅबमध्ये होते. रोजचं काम म्हणजे पट्ट्यावरून बाटली उचलायची, बुचातून सुई आत घालायची, काटा हलायचा थांबेपर्यंत बाटली हलवायची, मग दाब आणि तापमान दोन्ही लिहून तक्त्यात गॅस किती ते पाहायचं. तापमान न लिहिता नुसता दाब लिहिला तर साहेब वही परत करायचे, कारण नुसत्या दाबाला काही अर्थ नसतो. आता मोर्शी तालुक्यात सासरी असते, संत्र्याची बाग आहे.

साखरेचा हिशेब एकदा नीट करून घ्या. यीस्टनं ४ ग्रॅम साखर खाल्ली की साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. बाजारातल्या लागर बीअरमध्ये लिटरला ५ ग्रॅमच्या आसपास गॅस असतो. २० अंशांवर आंबवलेल्या बीअरमध्ये त्यातला दीड-पावणेदोन ग्रॅम आधीच विरघळून राहिलेला असतो. उरलेल्यासाठी लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर पुरते. तुमच्या ३७५ मिलीच्या बाटलीला हे अडीच ग्रॅमच्या आसपास होतात, आणि ते तुम्ही घातलेले आहेत. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा. शीग लावली तर ६ ग्रॅम सहज. मित्राचं ऐकलंत तर त्या बाटलीत लिटरला १० ग्रॅमच्या वर गॅस होईल. एवढा गॅस शॅम्पेनमध्ये असतो, आणि त्यासाठी शॅम्पेनची बाटली जाड काचेची, तळ आत घेतलेला, बूच तारेनं बांधलेलं असतं. बीअरच्या बाटलीचं ते कामच नव्हे.

मग गॅस गेला कुठे? कुठेच गेला नाही, अजून तयारच झाला नाही. जुलैत तुमच्याकडे हिवाळा. गॅरेजमध्ये १०-१२ अंश असणार. एलचं, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बीअरचं, यीस्ट १८ ते २४ अंशांत नीट चालतं, १२ अंशांला तळाशी बसून राहतं. सपाट बाटलीतली बीअर चाखून पाहा. किंचित गोड लागली तर साखर जागेवर आहे, खाणारा गारठलाय.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते त्याला कारण आहे. आमच्या घरात हाच वाद झालेला आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

पुतणीचं साक्षगंध होतं, माघातलं. सातपुड्याच्या पायथ्याला त्या दिवसांत पहाटे पारा १० च्या आसपास येतो. मी पाहुण्यांसाठी आलं आणि संत्र्याच्या रसाचं फसफसतं पेय करायचं ठरवलं. बीअर नव्हे, पण बाटलीतली गॅसची रीत तीच, चिमूटभर यीस्ट आणि साखर. फरक एकच, आणि तो मोठा आहे. बीअरमधली साखर आंबवणातच संपलेली असते, म्हणून बाटलीत मोजून थोडी घालतात आणि ती संपली की यीस्ट आपोआप थांबतं. गोड पेयात साखर भरपूर असते. माझ्या पेयात लिटरला ८० ग्रॅम होती. तिथे यीस्टला आपण थांबवावं लागतं. त्यासाठी सगळ्या काचेच्या बाटल्यांबरोबर एक प्लॅस्टिकची बाटली तेच पेय भरून ठेवायची. ती दाबून पाहायची. दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या न उघडलेल्या बाटलीसारखी कडक लागली की सगळा माल बर्फात. थंडीनं यीस्ट बसतं, गॅस पेयात मुरतो, आणि मग त्याच दिवशी प्यायचं. वडिलांकडून आणलेल्या हाताच्या यंत्रानं मी नवे बिल्ले, म्हणजे पत्र्याची झाकणं, दाबून बाटल्या बंद केल्या, मधल्या खोलीत तरटावर मांडल्या आणि प्लॅस्टिकची बाटली कोपऱ्यात ठेवली.

थंडीमुळे काम हळू चाललं होतं. प्लॅस्टिकची बाटली दाबली की अंगठा थोडा आत जायचा, पण पहिल्यासारखा पूर्ण नाही. म्हणजे सुरुवात झालेली होती. अशात भासऱ्यांनी चार पाहुण्यांसमोर एक बाटली उघडून पाहिली. फुस्स झालंच नाही. ते म्हणाले, "धाकटीनं साखरेचा हात आखडला. साक्षगंधाले असं कुठं असते काय?"

भासऱ्यांशी समोरासमोर वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, साखर लय हाय त्यात. थंडीनं काम अडलं हाय. सैपाकघरात आणून गोधडी टाकू, दोन दिवसांत होऊन जाते." त्या हो म्हणाल्या. यांनाही सांगितलं. आणि साड्या घ्यायला आम्ही दोघी अमरावतीला गेलो.

परत आलो तर बाटल्या जाग्यावर नव्हत्या. भासऱ्यांनी पोरांना बसवून सगळ्या उघडल्या, "टाका रे चमचा चमचा" म्हणून प्रत्येकीत साखर टाकली, बेकरीवाल्याकडून आणलेलं यीस्टही टाकलं, आणि तेच काढलेले बिल्ले हातोडीनं ठोकून परत बसवले. मग ऊब पाहिजे म्हणून न्हाणीच्या चुलीला लागून जी कोठी आहे तिथे थापी लावली. तिथे तुरीची पोती होती.

काय झालं ते तुम्हाला तुमच्याच बाटल्यांवरून कळेल. एकदा उघडलेला बिल्ला मधून वाकतो आणि आतली प्लॅस्टिकची गादी दबून जाते. तो कितीही ठोका, हवाबंद होत नाही. ज्यांचे बिल्ले गळत होते त्या बाटल्या सपाट राहिल्या, नुसतं साखरपाणी. ज्यांचे नशिबाने बसले त्यांत जास्तीचं यीस्ट आणि चुलीची ऊब मिळून दाब वाढत गेला. काही रात्रीच फुटल्या. साक्षगंधाच्या दिवशी उरलेल्यांतली एक व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. एकाच हंड्यातलं पेय, एकाच दिवशी भरलेलं, आणि निम्मं सपाट, निम्मं उसळणारं. तुमचीच गत.

पाहुणे गेल्यावर सासूबाई आणि मी सूप घेऊन तूर निवडायला बसलो. काच तुरीच्या दाण्यात लवकर दिसत नाही. मला पहिला तुकडा दिसला तो मुंग्यांमुळे. बाटलीच्या खांद्याचा वाकडा तुकडा होता, त्याला रस चिकटलेला, आणि त्याच्या काठानं मुंग्यांची रांग. मग आम्ही मुंग्या पाहून तुकडे काढत गेलो. पोत्याच्या सुतळीतसुद्धा बारीक काच रुतलेली होती. त्या कोठीत पोरं लपाछपी खेळतात. ती रात्रीची वेळ होती म्हणून निभावलं.

आजही चार लोकांत गोष्ट निघाली की भासरे सांगतात, धाकटी कंपनीत होती पण तिच्या बाटल्या फुटल्या. म्हणून हिशेब इथे लिहूनच ठेवते. लिटरला ८० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर ४० ग्रॅम गॅस होतो. लागर बीअरच्या आठपट. त्या बाटल्यांत साखर कमी असणं शक्यच नव्हतं. एका बाटलीत फुस्स झालं नाही याचं कारण थंडी आणि घाई. माणूस मोठा आहे, शेती त्यांच्यासारखी तालुक्यात कमी लोक करतात, पण या बाबतीत त्यांचं चुकलं आणि ते त्यांनी कधी मानलं नाही.

आता तुमच्या बाटल्या. निम्म्या सपाट आणि दोन-तीन उसळणाऱ्या, याचा अर्थ सगळ्यांना एकच रोग नाही. थंडी सगळ्यांनाच लागली, पण काहींना जास्त साखर मिळाली असणार. तुम्ही साखर कशी घातली ते लिहिलं नाही. पाक बीअरवर वरून ओतला असेल तर तो जड असतो, खाली बसतो, आणि तळाच्या तोटीतून आधी भरलेल्या बाटल्यांना जास्त मिळतो, शेवटच्यांना नुसती बीअर. साखर थोड्या पाण्यात उकळून रिकाम्या भांड्यात आधी ओतायची, त्यावर नळीनं बीअर सोडायची आणि निर्जंतुक केलेल्या पळीनं हलक्या हातानं ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा मिसळते आणि बीअर शिळी लागायला लागते. पुढच्या वेळी बाटल्यांवर भरल्याचा क्रम लिहा, म्हणजे दोष कुठे आहे ते न उघडता कळेल.

ज्या थापीतल्या सपाट निघाल्या तिच्यातल्या न उघडलेल्या बाटल्या आधी घरात आणा, २०-२२ अंशांला. प्रत्येक बाटली दोन-तीनदा हळूच उलटी करून तळाचं यीस्ट हलवा. जोरात हलवू नका. मग दोन आठवडे त्यांच्याकडे पाहूसुद्धा नका. त्यानंतर एक बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. तासाभरात बाटली बाहेरून गार होते, पण वरच्या मोकळ्या जागेतला गॅस बीअरमध्ये मुरायला वेळ लागतो. "गॅस कमी" म्हणून ओरडणारे निम्मे लोक इथेच घाई करतात.

तरीही सपाटच निघाली तर बिल्ला तपासा. बोटांनी फिरला तर तो सैल आहे. कोमट पाण्याच्या बादलीत बाटली बिल्ल्यासकट उभी बुडवा, बुडबुडे आले तर गळतोय. बिल्ले २६ आणि २९ मिलिमीटर अशा दोन मापांचे असतात, यंत्राची वाटी बाटलीच्या तोंडाच्या मापाचीच लागते. बिल्ला घट्ट आहे आणि बीअर अजून गोड आहे, तर यीस्ट दमलंय. ८-९ टक्के अल्कोहोलच्या वरच्या तगड्या बीअरमध्ये किंवा फार दिवस थंडीत ठेवलेल्या बीअरमध्ये असं होतं. अशा वेळी बाटली गार करून उघडायची, कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे टाकायचे, लगेच नवा बिल्ला. साखर तेव्हाही नाही. थोडाफार गॅस असलेल्या बीअरमध्ये दाणेदार साखर पडली की प्रत्येक दाण्यावर बुडबुडे धरतात आणि बाटली तुमच्या हातातच उसळते.

उसळणाऱ्या बाटल्यांच्या बाबतीत हिंमत दाखवू नका. ज्या थापीतून त्या निघाल्या तिच्यातल्या उरलेल्या सगळ्या आज फ्रिजमध्ये जाऊ द्या, उभ्या, एखाद्या बंद डब्यात. हात लावायच्या आधी डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, बाटलीभोवती टॉवेल. एक-दोन दिवसांनी पूर्ण गार झाल्यावर बिल्ल्याची कड जराशी उचला, गॅस सुटू द्या, वर फेस चढायला लागला की थांबा, परत उचला. मग नवा बिल्ला. मात्र त्याआधी नाक आणि जीभ लावा. आंबट, पातळ, किंवा लवंगेसारखा औषधी वास, आणि बाटलीच्या मानेत रेषेसारखा मळ दिसला तर त्यात रानटी यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरलेत. ते अशीही साखर खातात जी तुमच्या यीस्टला खाता येत नाही, त्यामुळे गॅस वाढतच जातो. ती बाटली ओतून द्या आणि पुढच्या वेळी बाटल्यांच्या तळाला ब्रश लावून घासा. वास चांगला आहे पण बीअर गोडसर आहे आणि सगळ्याच उसळतात, तर तुम्ही आंबवण पूर्ण व्हायच्या आत भरली. हायड्रोमीटर म्हणजे बीअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी, तिचा आकडा तीन दिवस जागचा हलला नाही की मगच भरायची.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवते, कारण तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारी येईल. हीच बाटली २० अंशांवरून ४० वर गेली की आतला दाब जवळपास दुप्पट होतो. नवीन गॅस तयार न होतासुद्धा. ४० अंशांच्या पाण्यात २० अंशांच्या मानानं कार्बन डायऑक्साइड साठ टक्क्यांच्या आसपासच विरघळतो, उरलेला वर येऊन बिल्ल्याला ढकलतो. वडील मे महिन्यात पहाटेच सोडा भरायचे, रात्रभर रांजणात ठेवलेल्या पाण्याचा. "पाणी थंड नसन तं गॅस पाण्यात राह्यत नाही, बाटलीले मारते," हे त्यांचं वाक्य. गोटी सोड्याची ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉडनं १८७२ च्या सुमारास काढलेली, आतला गॅसच गोटीला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. वडिलांच्या बाटल्या जाड होत्या, तरी भरताना यंत्राला लोखंडी जाळी असायची. दहावी शिकलेला माणूस होता, पण तापमानाचं महत्त्व त्यांना माझ्या साहेबांइतकंच कळत होतं. आमच्या मोर्शी-वरुडात मे मध्ये पत्र्याखाली ४५ अंश होतात. तिथे भरलेली बाटली ठेवणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

यीस्टचं विचारलंत. गॅसच्या तक्रारीत यीस्टच्या कंपनीचा दोष क्वचितच असतो, त्यात पैसे घालवू नका. फक्त दुकानातल्या बाटलीच्या तळातून यीस्ट घ्यायचा विचार असेल तर बाटली पाहून घ्या. गाळलेल्या, पाश्चराइज केलेल्या बीअरमध्ये जिवंत यीस्ट उरलेलं नसतं.

दोन गोष्टी राहिल्या. बाटल्या परत घेतल्या जातात त्या जातीच्या, जाड काचेच्याच वापरा. चौकोनी किंवा शोभेच्या बाटल्या दाबासाठी नसतात. आणि हे महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियात घरापुरती बीअर करायला मुभा आहे, आपल्याकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे, आणि आमच्या नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. आल्याच्या पेयातही यीस्ट घातलं की दिवसागणिक अल्कोहोल वाढतं. म्हणून ते कडक होताच बर्फात घालून त्याच दिवशी संपवायचं, आणि पोरांना द्यायचं असेल तर यीस्ट नकोच, वरून सोडा घाला.

मित्राला एवढं विचारा की चमचा म्हणजे किती ग्रॅम, आणि बाटलीत आधीच किती गॅस आहे ते त्यानं कशानं मोजलं. दोन्ही आकडे त्यानं सांगितले तर त्याचा सल्ला इथे लिहा, मी हिशेब करून देते. तोवर बाटल्या घरात आणा.